चुकलेल्या दारातलं आमेन

आमचे मिस्टर गेले आणि त्यानंतर माझ्याकडून प्रार्थना होईना. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे. ओठ हलत होते. रविवारी चर्चच्या मंडळीत सगळ्यांबरोबर उभी राहत होते, गीतं म्हणत होते, कोणी भेटायला घरी आलं की डोळे मिटून हात जोडत होते. पण आत काहीच नव्हतं. मी आयुष्यभर नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. कितीतरी पेशंटांच्या उशाशी बसून मी प्रार्थना केली होती आणि ती मनापासून केली होती. यांच्या वेळी मात्र अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून जे मागितलं, ते मिळालं नाही. मला देवाचा राग आला असता तर बरं झालं असतं. रागात निदान बोलणं तरी होतं. माझं बोलणंच थांबलं.

हे सांगणार कोणाला? मंडळीतली मी जुनी बाई. लोक अडचणीत माझ्याकडे येऊन म्हणायचे, "सिस्टर, आमच्यासाठी प्रार्थना करा." मी "हो" म्हणायचे आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायचे. मुलगी पुण्याला असते. रोज फोन करते, पण तिलाही हे कधी बोलले नाही. ती बिचारी आधीच वडिलांच्या दुःखात होती.

उन्हाळा लागायच्या सुमारास आमचे पाळकसाहेब एकदा उपासनेनंतर थांबले. अकोल्याच्या मंडळीला दोन-तीन महिन्यांच्या सेवेसाठी कोणीतरी हवं होतं. अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसांच्या घरी जायचं, तब्येत विचारायची, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, प्रार्थना करायची. "तुमच्यासारखं माणूस आम्हाला दुसरं कुठं मिळणार?" ते म्हणाले. मी तिथल्या तिथे होकार दिला. ऐकणाऱ्यांना माझं कौतुक वाटलं, पण खरं कारण सेवेची ओढ नव्हतीच. त्या घरात आणखी एक मे महिना एकटीनं काढायची मला भीती वाटत होती. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात. तू अकोल्याला निघालीस!" कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

अकोल्याला मी कधीच आलेले नव्हते. स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळच होती, तरी फलाटावरची हवा भट्टीतून आल्यासारखी अंगावर आली. तिथले पाळकसाहेब स्वतः घ्यायला आले होते. मूळचे अमरावतीचे, उंचेपुरे, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरू नका सिस्टर. आमचं ऊन पहिले आठ दिवस परीक्षा पाह्यते, मंग काही करत नाही." ख्रिस्तमंदिराच्या आवाराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी माझी व्यवस्था केली होती. खिडकीत भला मोठा कूलर होता आणि तो सुरू केला की शेजारी बोललेलंही ऐकू येत नसे.

पहिल्या दिवसांत मला तिथलं बोलणं फार तुटक वाटलं. कोणी रागावून बोलतंय की मायेनं, तेच कळत नव्हतं. पाळकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "बाजारात चाललाच आहा तं येतांनी थोडा सांबार आनजा." मी दोन हॉटेलं पालथी घातली आणि डब्यात गरम सांबार घेऊन आले. त्या डब्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. रात्री तोच सांबार आम्ही भाताबरोबर खाल्ला. जेवणाआधी पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी पाठ असलेली एक प्रार्थना घाईघाईनं म्हणून टाकली. परक्या गावी येऊनही मी तीच होते. उद्यापासून मला आजारी माणसांच्या घरी जाऊन हेच करायचं होतं, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

पहिलं घर रूथआजींचं होतं. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, बाळापूर नाक्याच्या बाजूला त्या एकट्या राहत. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच होत्या, शेजारची बाई येऊन त्यांचं करून जायची. पाळकसाहेब बरोबर येणार होते, पण सकाळी मंडळीतल्या एका घरी दुःखद घटना घडली आणि त्यांना तिकडे जावं लागलं. त्यात त्या दिवशी नळ आले. तिथे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे आले की सगळं घर हंडे-बादल्या घेऊन उभं राहतं. मीही पाणी भरू लागले. निघेपर्यंत चांगलंच ऊन चढलं होतं. पाळकीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळी जाजा ना." पण पहिल्याच दिवशी आजींना वाट बघायला लावणं मला बरं वाटेना. त्यांनी माझ्या डोक्याला दुपट्टा बांधून दिला आणि पत्ता समजावला: नाक्याच्या पुढे पिठाची चक्की, चक्कीच्या गल्लीत कडुनिंब, कडुनिंबासमोर निळं दार.

ऑटोवाल्याला मी चक्की सांगितली. त्यानं मला एका वळणावर उतरवलं. "हे काय जी बाई, इथूनच आत जा." आत गेले. चक्की होती, कडुनिंब होता, दारही निळं होतं. मी कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. पंचविशीची एक मुलगी समोर उभी होती, ओढणी खांद्यावरून घसरलेली, डोळे रडून लाल.

"आल्या का सिस्टर? लवकर या जी. अम्मी कसंच करून राहिली."

मला सगळे सिस्टरच म्हणतात. मला वाटलं, पाळकसाहेबांनी फोन करून ठेवला असेल, आणि ही आजींचं करणारी शेजारीण. "अम्मी" हा शब्द कानावर पडला, पण त्या घाईत तो मनात शिरला नाही. मी चपला काढून तिच्या मागे आत गेले.

पुढच्या खोलीत कापसाचे ढीग होते, अर्धवट शिवलेली एक गादी पसरलेली होती. आतल्या खोलीत खाटेवर एक म्हातारी बाई पडली होती. मुलीनं तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं होतं, तळपायांना कांदा चोळला होता. "लू लागली असन म्हनून केलं," ती सांगू लागली. "सकाळी उलटी झाली, मंग काही खाल्लं नाही. आता बोलते तं काहीच्या काही बोलते. मले वळखून नाही राहिली."

मी हात लावला. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. हिचं गार होतं आणि घामानं चिंब. नाडी पळत होती. मी हाक मारली तर तिनं डोळे उघडले, पण नजर ठरेना.

"यांना साखर आहे का? डायबेटिस?"

"हो जी. गोळी चालू हाय."

"आज सकाळी गोळी घेतली?"

"घेतली. म्याच देली." आणि हे म्हणताना, उपाशीपोटी गोळी गेल्यानं साखर उतरली असावी, हे तिच्याही लक्षात आलं. ती तोंडावर हात धरून तशीच उभी राहिली.

"साखर आण," मी म्हटलं. "लवकर. थोडं पाणी पण."

त्यानंतर काय केलं ते विचार करून केलं नाही. इतक्या वर्षांचे हात होते, ते आपले आपण चालू लागले. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासात जातं, म्हणून तिला कुशीवर वळवलं, साखर ओली करून बोटानं गालाच्या आत चोळत राहिले. ती मुलगी, शबाना तिचं नाव, म्हातारीची सून, खाटेच्या पायाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. मधूनमधून विचारायची, "होईन ना बरी?" मी "होईल" म्हणत होते. खरं म्हणजे मला खात्री नव्हती. वय होतं, आणि किती वेळ ती अशी पडली होती ते कोणालाच माहीत नव्हतं. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी दवाखान्यात पाहिलेलं आहे.

बऱ्याच वेळानं म्हातारीचा जबडा हलला. तिनं साखर गिळली. मग आणखी थोडी. मग डोळे उघडून तिनं आधी छताकडे, नंतर माझ्याकडे आणि शेवटी सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "शबाना, काहून रडून राहिली वं?"

शबाना तिच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. मी भिंतीला टेकून बसले.

आम्ही तिला साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं देत होतो, तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली आणि पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी पिशवी घेऊन आत आली. "माफ करा, गाडी पंक्चर झाली होती," असं म्हणत ती माझ्याकडे बघून थांबली. शबानानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तुमी कोन?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. शबानानं सकाळी जवळच्या दवाखान्यात फोन करून नर्सला घरी बोलावलं होतं. नवरा अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला, तो सुट्टीलाच घरी येई. शेजारचे सगळे बाळापूरला लग्नाला गेलेले. घरात ती आणि सासू, दोघीच. आणि मी, पाळकसाहेबांची सिस्टर, रूथआजींचं दार समजून एक वळण आधीच्या, तशाच चक्की-कडुनिंबाच्या गल्लीत शिरले होते. हे सांगताना मी ओशाळून हसले. शबाना हसली नाही. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या नर्सनं बोटातून रक्त काढून साखर तपासली. अजून कमीच होती. गोळीचा परिणाम दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखान्यात न्यायलाच हवं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. ती ऑटो आणायला गेली. शबाना पिशवी भरू लागली. मी म्हातारीला उशीला टेकवून बसवलं आणि दुधात कुस्करलेली पोळी भरवू लागले. अम्मी आता पूर्ण भानावर होती. तिनं मला नीट न्याहाळलं.

"तुमी कुठी चालल्या होत्या?"

"एका आजारी आजींकडे. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला."

"दुआ कराले?" तिनं मान हलवली. "मंग इथं करा. मी बी आजारीच हाओ."

त्यांचा धर्म वेगळा, आपला वेगळा, हे मनात आलं. पण अडचण ती नव्हती. अडचण काय होती ते मला ठाऊक होतं. आणि जे मी पाळकसाहेबांना, पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईसमोर तोंडातून निघून गेलं. "अम्मी, मला नाही हो जमत. आमचे मिस्टर गेल्यापासून जमतच नाही."

तिनं मला धीर दिला नाही, की देवाची मर्जी असं काही म्हणाली नाही. घास चावून संपवला आणि विचारलं, "नाव काय होतं त्याईचं?"

मला नवल वाटलं. इतके लोक भेटून गेले होते, पण सगळे त्यांना ओळखणारे. नाव कोण विचारणार? आणि मी तर त्यांना नावानं कधी हाक मारलीच नव्हती.

"शांतवन," मी म्हटलं.

"शांतवन," तिनं हळूच म्हणून पाहिलं. "अच्छं नाव हाय."

मग तिनं दोन्ही हात उचलून छातीसमोर ओंजळीसारखे धरले. अशक्तपणानं ते खाली झुकत होते. मी आधार द्यायला पुढे झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. सुरुवातीचे शब्द तिच्या भाषेतले, नमाजातले असावेत, मला कळले नाहीत. मग ती साध्या वऱ्हाडीत बोलू लागली, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी. "या अल्ला, हिच्या शांतवनले तुह्यापाशी चांगलं ठेव. या बहिणीले घर सुनं लागते, तू तिच्यासंग राह्य. आज तिले रस्ता चुकोला, आता घरी नीट पोचव. तिच्या तोंडात दुआ येऊन नाई राहिली, थे येऊ दे." थोडं थांबून ती माझ्याकडे वळली. "आता आमीन म्हना."

"आमेन," मी म्हटलं.

तेवढाच शब्द. आयुष्यभर हजारो वेळा म्हटलेला. पण त्या दिवशी तो म्हटला आणि माझ्या छातीत काहीतरी सुटलं. मी रडू लागले. यांच्या अंत्यविधीलाही अशी रडले नव्हते; तिथे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी विचारत होते. पोळीची ताटली मांडीवर, हाताला दूध लागलेलं, आणि मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते. अम्मी एका हातानं माझी पाठ थोपटत राहिली. ऑटो आला तेव्हा पेशंट कोण आणि सिस्टर कोण, हे त्या नर्सला कळलं नसेल.

अम्मीला दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. सगळं नीट लागल्यावर शबानानं मला स्वतः नेऊन रूथआजींच्या खऱ्या दारी सोडलं, तोवर ऊन उतरलं होतं. आजी खाटेवर बसून दाराकडेच बघत होत्या. "काहून वं येवढा उशीर? म्या सकाळपासून वेणी घालून बसली." त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली, मधे मधे "अवो बाप्पा" म्हणाल्या, आणि शेवटी शास्त्राचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं. मग त्यांचा हात हातात घेऊन डोळे मिटले. पाठ असलेल्या प्रार्थना आठवल्या, पण त्या मला नको वाटल्या. मी म्हटलं, "देवबापा, ही तुझी रूथ. हिला सांभाळ. आणि त्या अम्मीलाही." पुढे काही सुचेना, म्हणून थांबले.

रूथआजींनी एक डोळा उघडला. "बस? येवढीच?"

"आज एवढीच," मी म्हटलं. "उद्या थोडी मोठी करीन."

घरी आल्यावर जेवताना पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, प्रार्थना होत नसल्याचंही. दुसऱ्या धर्माच्या दुआला आमेन म्हटलं हे त्यांना आवडेल की नाही, याची मनात धाकधूक होती. त्यांनी ताटातली भाकर संपवली. मग म्हणाले, "अम्मीची साखर आता किती हाय? सकाळी मीबी येतो दवाखान्यात." पाळकीणबाई उठल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

त्यानंतरचा उन्हाळा सुखाचा गेला. उन्हानं अंग भाजत होतं, कूलर मधेच बंद पडत होता, पण सकाळी उठल्यावर जाण्यासारखी घरं होती. गल्लीगल्लीतून बायका हाक मारायच्या, "सिस्टर, या जी, पानी तं पेऊन जा." ते तुटक बोलणं मायेचंच आहे, हे मला कळू लागलं. रूथआजींकडे जाताना अम्मीच्या घरी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. माझ्या प्रार्थना फार लांब कधीच झाल्या नाहीत. पण ज्या झाल्या त्या खऱ्या होत्या.

पुढे मंडळीनं मला अमरावतीला पाठवलं. तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. बसमधून उतरले तर एक तरणा माणूस माझी पेटी उचलायला पुढे आला. तो शबानाचा नवरा, इरफान. कामावरून सुट्टी काढून नांदगाव पेठेहून आला होता. "अम्मीचा फोन होता," तो म्हणाला. "म्हने, सिस्टरले नवं गाव हाय, तू उभा राह्य." मला मंदिरापर्यंत पोचवून, खोलीतला पंखा चालतो की नाही ते बघून तो निघाला. जाताना दारात वळला. "अम्मीनं विचारलं हाय, सिस्टरचं मन लागलं का?"

"लागलं म्हणावं," मी सांगितलं.

एका ऑटोवाल्यानं मला एक वळण आधी उतरवलं. घडलं ते एवढंच, आणि त्याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी त्यावर वाद घालणार नाही. यांना देवानं का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही आणि आता मी ते विचारतही बसत नाही. मी रिकाम्या हातांनी निघाले होते, आणि देवाला माझे रिकामे हात चालले. त्यानं मला चुकलेल्या दारात नेऊन उभं केलं आणि तिथून पुढचं त्यानंच पाहिलं. इथे अमरावतीत संध्याकाळी ऊन कलल्यावर मी मंदिराच्या पायरीवर बसते. आधी ज्यांच्याकडे दिवसा जाऊन आले त्यांची नावं घेते, मग अम्मी, शबाना, इरफान, रूथआजी. सगळ्यांच्या शेवटी म्हणते, शांतवन. त्या नावापुढे माझं काही मागणं नसतं. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहायला मिळालं, त्याचे आभार मानते आणि दिवे लावायला उठते.